दिवसा गावात कोण असतं?

यंदा पुन्हा सप्टेंबर कोरडा गेला आणि ऑक्टोबरही तसाच चाललाय. अंगणातलं गवत पिवळं होऊन आता राखाडी दिसायला लागलंय. ओकची पानं रंग बदलायच्या भानगडीत न पडता सरळ तपकिरी होऊन गळताहेत. न्यू जर्सीतला पाऊस असा वागत नाही. इथे पाऊस म्हणजे सोमवारसारखा. कोणी त्याची वाट पाहत नाही आणि तो चुकतही नाही. त्यामुळे तो आला नाही की पहिले काही आठवडे लोकांना बरंच वाटतं. परवा एडिसनला ओक ट्री रोडवर दिवाळीच्या खरेदीत जी ओळखीची बाई भेटली, ती म्हणाली, "काय मस्त वेदर आहे ना!" मीही हो म्हटलं. पण अशा दिवसांत माझं नाक वाऱ्याकडे असतं.

नाकाची ही सवय तशी जुनी. माझं लहानपण परतवाड्याचं. एप्रिलमध्ये सूर्य मावळला की चिखलदऱ्याच्या डोंगरावर वणव्याची लाल रेघ दिसायची आणि सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांना जळक्या गवताचा वास यायचा. तो वणवा आमचा नव्हता, डोंगराचा होता. तो कोण विझवतं, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आग लागली की बंब येतो, एवढंच ठाऊक होतं. बंबात कोण बसतं आणि त्या वेळी ते आपलं कुठलं काम टाकून आलेले असतात, हे मला अमेरिकेत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, अशाच एका कोरड्या शरदात कळलं.

आमचं गाव एडिसनच्या बरंच पश्चिमेला आहे. एक मुख्य रस्ता, एक पोस्ट, दोन चर्च, एक पिझ्झाचं दुकान आणि गावाबाहेरून जाणारी रेल्वेलाइन. माझा नवरा अनिल आठवड्यातले चार दिवस जर्सी सिटीला ऑफिसात जायचा. सई, आमची मुलगी, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. मी एका विमा कंपनीची सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम घरूनच सांभाळत होते. सकाळी साडेसात-आठपर्यंत गावातल्या गाड्या एकेक करून निघून जायच्या आणि मग संध्याकाळपर्यंत रस्त्यावर फक्त पोस्टमन आणि खारी. दुपारी बाराला फायर हाऊसचा भोंगा वाजायचा. परतवाड्याला नगरपालिकेचा वाजायचा तसाच. मला त्याचं काही वाटत नसे. पण गावात नव्याने आलेल्यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी लिहायचं, की हा भोंगा बंद करता येणार नाही का, बाळ उठतं.

त्या सप्टेंबरात एका मंगळवारी मी मीटिंगमध्ये होते. खिडकीतून धुराचा वास आला. शेजारी कोणी पाला जाळतंय असं वाटलं. मग पाहिलं, तर धूर आमच्याच खिडकीखालून येत होता. इथे झाडांच्या बुडाशी लाकडाच्या ढलप्यांचा थर पसरतात, मल्च म्हणतात त्याला. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी सिगरेटचं थोटूक फेकलं असावं. तो थर आतल्या आत धुमसत होता, आणि मी पाहते न पाहते तोच त्यातलं ज्युनिपरचं झुडूप फटफटत पेटलं. घराची भिंत तिथून हातभर अंतरावर. मी फोन केला. लगेच भोंगा सुरू झाला. रोज ऐकलेला तो आवाज त्या दिवशी माझ्यासाठी होता.

बंब आला. लालभडक, मोठा, दिवे चमकवत. त्यातून एकच माणूस उतरला. पंच्याहत्तरीचा, उंच, जरा वाकलेला. मी त्याच्या मागे पाहत राहिले.

"बाकीचे?" मी विचारलं.

"कामावर," तो म्हणाला. "मंगळवार आहे."

त्याने पाइप ओढून काढला आणि मधला भाग माझ्या हातात दिला. "हे धरून माझ्या मागे या. जड आहे, सोडू नका." मी धरला. अंगात आलेल्या माणसासारखा तो पाइप झटके देत होता. त्याने पाणी झुडपाच्या शेंड्यावर मारलं नाही, बुडाशी मारलं. दोन मिनिटांत काळा चिखल उरला. मग त्याने दाताळं आणून तो सगळा थर उकरला, पुन्हा भिजवला, पुन्हा उकरला. म्हणाला, हे लबाड असतं, वरून विझतं आणि आतून दोन दिवस जळत राहतं.

काम झाल्यावर त्याने टोपी काढून घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यात अजून हेडफोन लटकत होता. त्यातून कोणीतरी "वृंदा, आर यू देअर?" असं विचारत होतं.

"तुम्ही दिवसा घरी असता?" त्याने विचारलं.

हा वॉल्ट. निवृत्त प्लंबर, आणि गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. दल म्हणजे सगळे स्वयंसेवक. पगार कोणालाच नाही. पंधरा वर्षं या गावात राहून मला हे माहीत नव्हतं. पोलिसांसारखेच तेही सरकारी नोकर असतील असं मी धरून चालले होते.

संध्याकाळी मी घरात सांगितलं, की मी फायर हाऊसला जाऊन बघणार आहे. सईने फोनमधून डोकं वर काढलं. "आई, नो. यू गेट टायर्ड फ्रॉम शॉपिंग अॅट कॉस्टको."

अनिल हसला नाही. त्याने विचारलं, "आणि मीटिंग चालू असताना भोंगा वाजला तर?"

"तर मीटिंग सोडायची."

"आणि आग खरंच मोठी असली तर?"

मी म्हटलं, "अनिल, तो एकटा आला होता रे."

शनिवारी सबनीस काकांकडे विषय निघाला. काका पूल बांधणारे इंजिनिअर, आता निवृत्त. गावातलं पहिलं मराठी घर त्यांचं. चाळीस वर्षांपूर्वी काका-काकू इथे आले, तेव्हा कोथिंबीर आणायलासुद्धा तासभर गाडी हाणावी लागायची. आमच्यासारखी नंतर आलेली सगळी कुटुंबं त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर रुळली. काका म्हणाले, "अगं, ते त्यांचं घरगुती असतं. आजोबा, बाप, मुलगा. आपण देणगी द्यायची आणि परेडला टाळ्या वाजवायच्या. चाळीस वर्षांत मला कोणी कधी बोलावलं नाही."

"मला बोलावलं, काका."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "बरं. पण गुडघे सांभाळ."

फायर हाऊसच्या पुढच्या अंगणात एका लाकडी चौकटीला लोखंडाचं मोठं कडं टांगलेलं आहे. रोज गाडीतून जाता-येता मी ते पाहिलेलं होतं आणि कसलीतरी कलाकृती समजत होते. ती रेल्वे इंजिनाच्या चाकाची धाव निघाली. भोंगा येण्याआधी आग लागली की तिच्यावर घण मारायचे. घण मारला की शेतातून, दुकानातून, गोठ्यातून माणसं पळत यायची. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात आणि पळण्यालाही धावच म्हणतात, हे मी वॉल्टच्या बायकोला समजावून सांगितलं. तिला ते फार आवडलं. तिने तो शब्द तीन-चारदा म्हणून पाहिला.

तिचं नाव डॉरथी, पण सगळे डॉट म्हणायचे. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, बोटांचे सांधे संधिवाताने फुगलेले. आग लहान असो की मोठी, बंबाच्या मागोमाग तिची जुनी गाडी यायची. तीत पाण्याच्या बाटल्या, सँडविच, कॉफीचा मोठा थर्मास. पहिल्याच दिवशी तिने माझं नाव "ब्रेंडा" असं ऐकलं आणि माझ्या हेल्मेटवर पट्टी लावली तीही "ब्रेंडा" म्हणून. मी दुरुस्त करेपर्यंत गोंद वाळला होता.

दलाचा इतिहास मला डॉटकडून कळला, तोही ओले पाइप वाळत घालताना नि गुंडाळताना, तुकड्या-तुकड्यांत. पूर्वी या भागात पीच फळांच्या बागा होत्या आणि गावात पीचच्या टोपल्या बनवायचा कारखाना होता. नुसतं पातळ, वाळकं लाकूड. एका कोरड्या शरदात तो पेटला. शेजारच्या गावाचा घोड्यांचा बंब यायला इतका वेळ लागला, की लोकांनी दुधाच्या कॅनमधून ओढ्याचं पाणी आणून ओतलं. कारखाना गेला, पण लागून असलेली घरं वाचली. त्या हिवाळ्यात त्याच लोकांनी दल उभं केलं.

"तेव्हा माणसांची कमी नव्हती," डॉट म्हणाली. "सगळे इथेच काम करायचे ना. कारखाना पुन्हा बांधला, बागा होत्या, गोठे होते. पहिला घण पडला की बंब ओढायला भांडणं व्हायची. मग कारखाना बंद पडला, बागांची घरं झाली, आणि काम गावाबाहेर गेलं. माणसं वाढली गं, पण दिवसा गावात कोणी राहिना."

आणखी एक गोष्ट तिने बऱ्याच दिवसांनी सांगितली. महायुद्धात गावातले पुरुष निघून गेले, तेव्हा दिवसाचा बंब बायकांनी चालवला. डॉटची आई ड्रायव्हर होती. पुरुष परत आले. आभाराचं जेवण झालं, प्रत्येकीला एकेक चांदीचा मुलामा दिलेला ट्रे मिळाला, आणि बायका पुन्हा स्वयंपाकघरात. डॉट विशीत असताना दलात यायचं म्हणून विचारायला गेली. तेव्हाच्या प्रमुखाने हसत तिच्या हातात एप्रन दिला. पुढे कधीतरी बायकांना घ्यायला लागले, पण तोवर तिची बोटं वाकली होती.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"आला ना," ती पाइपचं पितळी तोंड पुसत म्हणाली. "मग मी एका ड्रायव्हरशीच लग्न केलं."

त्या सगळ्या शरदात पाऊस आला नाही. तो ऋतू मला अजून आठवतो तो कानांनी. पायाखाली पानं मोडायची ती पापडासारखी. वारा झाडांतून जायचा तो सळसळत नव्हता, खरखरत होता. निळं आभाळ रोज उठून तसंच. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आभाळाच्या त्या निळेपणाचाच कंटाळा यायला लागला. काउंटीच्या अग्निशमन अकादमीत माझा वर्ग सुरू झाला होता, पण आगीत शिरायची परवानगी मिळायला अजून कित्येक महिने होते. तोवर माझं काम साधं. रस्ता अडवायचा, गाड्या वळवायच्या, पाइप ओढायचे, सामान आणून द्यायचं. मी कोणाला आगीतून उचलून आणलेलं नाही, हे इथेच सांगून ठेवते. लोकांना ती गोष्ट ऐकायची असते.

बाहेरच्यांना वाटतं त्यापेक्षा हे काम कंटाळवाणं असतं. दहातले सहा भोंगे म्हणजे कोणाचातरी जळलेला टोस्ट. एकदा तर आमच्याच एका मराठी घरी मिरचीची फोडणी निघाली. बिचारी नवी नवरी ठसकत, रडत दारात उभी, अलार्म कोकलतोय, आणि हेल्मेटखालून मी मराठीत म्हणतेय, "अगं, चिमणी लावायची राहिली का?" ती मला पाहून रडायचीच थांबली.

त्याच सुमारास गावाच्या कमिटीपुढे प्रस्ताव आला. दिवसा माणसं येत नाहीत, तेव्हा दल बंद करून काम शेजारच्या मोठ्या गावाकडे द्यावं. निर्णय डिसेंबरात होणार होता. वॉल्टने त्या आठवड्यात बंब दोनदा धुतला.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी पश्चिमेचा वारा सुटला. दुपारची वेळ. आमच्या घरातली वीज गेली आणि लगोलग दलाने दिलेला कमरेचा पेजर वाजला. रेल्वेलाइनजवळच्या जुन्या पीच बागेत वाळकी फांदी तुटून विजेच्या तारेवर पडली होती आणि तार जमिनीवर. तिच्या ठिणग्यांनी गवत पेटलं होतं. ती बाग कित्येक वर्षं सोडून दिलेली, कमरेएवढं गवत आणि काटेरी झुडपं. त्या बागेच्या या टोकाला तीन घरं, आणि तिसरं घर सबनीस काकांचं.

बंबावर आम्ही दोघंच होतो, वॉल्ट आणि मी. पिझ्झाच्या दुकानातून टोनी आणि शाळेची देखभाल करणारा मार्क आपापल्या गाड्यांतून थेट तिथे आले. शेजारच्या गावाला निरोप गेला होता, पण त्यांचा बंब दुसऱ्या वणव्यावर होता. यायला वेळ लागणार होता.

त्या रस्त्यावर बंबाला पाणी घ्यायचा नळ नाही. एक तळं आहे. वॉल्टने बंब तळ्याच्या काठाला लावला, जाड पाइप पाण्यात सोडला आणि पंप सुरू केला. टोनी आणि मार्क नळी घेऊन धुरात गेले. वॉल्टने मला ओरडून सांगितलं, "घरं रिकामी कर!"

पहिल्या दोन घरांत कोणी नव्हतं. काकांच्या घराचं दार उघडंच होतं. काकू वॉकर धरून हॉलमध्ये उभ्या, अंगावर कोट चढवलेला, पायात चपला. बाहेर धुराने पिवळा उजेड पडला होता.

"वृंदा, कुकरच्या दोनच शिट्ट्या झाल्यात गं," काकू म्हणाल्या.

"राहू द्या काकू, गॅस बंद करते. काका कुठेत?"

काका गॅरेजमध्ये होते. वीज नसल्यामुळे दरवाजा बटणावर उघडत नव्हता. त्यांनी स्टुलावर चढून लाल दोरी ओढून दरवाजा मोकळा केलेला, पण तो उचलायला दोन माणसं लागतात. काका घामाने निथळत होते. आम्ही दोघांनी वाकून एकदम जोर लावला. दरवाजा वर गेला आणि आत राखेचा लोट आला. काकूंना गाडीत बसवलं. काका स्टीअरिंगवर बसले.

"काका, शाळेच्या पार्किंगमध्ये जा. हळू चालवा. रस्ता मोकळा आहे."

"तू?"

"मी कामावर आहे," मी म्हटलं आणि तळ्याकडे पळाले.

वॉल्ट बंबाच्या पायरीवर बसला होता. चेहरा ओल्या सिमेंटसारखा. एक हात छातीवर आणि दुसऱ्या हाताने पंपाचा दांडा घट्ट धरलेला. डॉट त्याच्यापुढे उभी होती.

"सोड तो," ती म्हणाली.

"पोरं आत आहेत, डॉट. पाणी तुटलं तर..."

"माहितेय मला. सोड. ब्रेंडा, इकडे ये."

तिने माझा हात धरून दांड्यावर ठेवला. तिच्या बोटांत तो वळवण्याइतकी ताकद नव्हती. ती माझ्या खांद्याला लागून उभी राहिली आणि अगदी शांतपणे सांगत गेली. आणखी जरा. बस. आता तिथेच. माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात झाडं पेटत होती, मान आपोआप तिकडे वळत होती.

"आगीकडे बघू नकोस," डॉट म्हणाली. "पाण्याच्या दाबाची सुई बघ. ती या रेघेखाली उतरू द्यायची नाही. बस."

मी सुई पाहत राहिले. अॅम्ब्युलन्स आली, वॉल्टला आत घेतलं, कोणीतरी डॉटला हाक मारली. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. "पुढे व्हा," ती अॅम्ब्युलन्सवाल्यांना म्हणाली. "दुसरा बंब येईपर्यंत मला इथून हलता येणार नाही." दार लागलं आणि गाडी गेली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो किती जड झाला ते मला जाणवलं.

मग सुई थरथरायला लागली. मी दांडा वळवला, तरी ती खाली येऊ लागली.

"पाला," डॉट म्हणाली. "पाइपाच्या तोंडाच्या जाळीत पाला अडकलाय. दांडा धरून ठेव."

बंबाच्या बाजूला लावलेलं दाताळं काढून ती काठ उतरली. पंच्याहत्तर वर्षांची बाई, नोव्हेंबरातल्या तळ्यात मांडीपर्यंत. तळ्यावर गळलेल्या पानांची साय धरली होती. ती पाण्यात दाताळं घालून जाळीभोवतीचा पाला ओढून बाजूला टाकत होती, वारा आणखी आणून घालत होता, आणि ती पुन्हा ओढत होती. माझी नजर सुईवर. सुई थांबली. मग रेघेच्या वर आली. धुरातून टोनीची आरोळी ऐकू आली, पाणी परत आल्याची. डॉट तिथेच उभी राहून पाला ओढत राहिली, शेजारच्या गावाचा बंब वळणावर दिसेपर्यंत. मग त्यांच्या माणसाने माझ्या हातातून दांडा घेतला. मला तो सोडता येईना, बोटं उघडत नव्हती. त्याने एकेक बोट सोडवलं.

डॉट ओल्या पँटनेच गाडीत बसली आणि हॉस्पिटलला गेली.

सबनीस काकांचं कुंपण गेलं, मागची शेड गेली, घराच्या मागच्या लाकडी डेकला काळा चट्टा पडला. बाकी तिन्ही घरं उभी राहिली. वॉल्टच्या हृदयात स्टेंट घातला. डॉक्टरांनी बंब चालवायला कायमची बंदी केली. तो नंतर साडेचार वर्षं जगला आणि त्याने प्रत्येक नव्या ड्रायव्हरला खुर्चीवर बसून शिव्या घालत शिकवलं, मलाही. गेल्या वसंतात तो गेला. झोपेत, घरी. भोंगा त्या दिवशी त्याच्यासाठी एक मिनिट वाजवला. फोनच्या ग्रुपवर कोणी तक्रार केली नाही.

आगीनंतर काकांनी फोन हातात घेतला. त्यांच्या टेबलावर रुळलेलं प्रत्येक घर, मग त्या घरांच्या ओळखीची तेलुगू, गुजराती, पंजाबी घरं. "दिवसा घरी कोण असतं तुमच्याकडे?" एवढाच प्रश्न. नाही म्हणणाऱ्यांना ते पुन्हा फोन करायचे. मला म्हणाले, "चाळीस वर्षं मी बोलावण्याची वाट बघत बसलो गं. फायर हाऊसचं दार तर उघडंच असतं."

डिसेंबरच्या बैठकीला फायर हाऊसमध्ये खुर्च्या कमी पडल्या. घरून काम करणारी बरीच मंडळी लॅपटॉपच्या बॅगा सांभाळत भिंतीला टेकून उभी होती. कमिटीने ते पाहिलं आणि दलाला आणखी दोन वर्षं दिली, पुढे ती मुदत वाढवलीही. त्या मंडळींपैकी निम्मी पुढे गळाली, हेही खरं. थंडीत मध्येच उठून जाणं सगळ्यांना जमत नाही. उरली त्यांच्यावर दिवसाचा बंब चालतो, तो आजपर्यंत.

त्या बैठकीत शेवटी टोनी उभा राहिला. म्हणाला, डॉटला दलाचं पूर्ण सभासद करून घ्यावं असा माझा ठराव आहे. वयाची अट होती, ती शिथिल करायला सगळे तयार. सगळे हात वर गेले. डॉट मागे कॉफीच्या टेबलाशी होती. तिने हातातली किटली खाली ठेवली.

"विचारलंत, बरं वाटलं," ती म्हणाली. "खरंच बरं वाटलं. माझी आई असायला हवी होती." मग थोडं थांबून म्हणाली, "पण नाही. तुम्ही मला पन्नास वर्षं उशिरा विचारताय. मी दलात नाही असं मला एकही दिवस वाटलेलं नाही. ते तुम्हाला वाटत होतं. आता तुमचं तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हो कशाला म्हणू?"

खाली पाहणारी माणसं बरीच होती. वॉल्ट पहिल्या रांगेत होता. तो आयुष्यभर त्याच बैठकांना बसलेला माणूस, त्याला मागे वळून बायकोकडे पाहणं जड गेलं, पण त्याने पाहिलं. डॉटने एप्रन काढला, त्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. "पुढचा विषय घ्या," ती म्हणाली.

आता ती ऐंशीची आहे. एकटी राहते. सभासद कधीच झाली नाही, आणि तिला न विचारता दलात काही होत नाही. माझ्या हेल्मेटवर अजून ब्रेंडाच आहे. सई शिकागोला नोकरी करते आणि रविवारी फोनवर आधी विचारते, "एनी फायर्स?"

या रविवारी सकाळी डॉटचा फोन आला. "तळं बघून आलीस का?"

नव्हते आले. मी तिला गाडीत घेतलं आणि आम्ही रेल्वेलाइनकडे गेलो. बागेत आता बर्चची कोवळी झाडं उगवलीत, माणसाच्या उंचीची. तळं आक्रसलं होतं. काठाला चिखलाची रुंद, भेगाळलेली पट्टी आणि मधोमध पाणी, त्यावर पानं. काकांनी कापून दिलेली एक लांब काठी गाडीत होती. मी चिखलात उतरून ती पाण्यात बुडवली आणि ओली झालेली खूण डॉटला दाखवली. तिने काठावरूनच डोळे बारीक करून पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. निळं, स्वच्छ, एक ढग नाही.

"आठवडाभर पुरेल," ती म्हणाली.

"आणि मग?"

"मग दुसरं तळं शोधू," डॉट म्हणाली आणि मला वर ओढायला तिने हात पुढे केला.